निरंक खर्चाची ओळ

आमच्या लेखा विभागात एक रीत आहे. ज्या कामावर मागच्या वर्षी काहीच खर्च झाला नाही, त्याची ओळ नव्या अंदाजपत्रकातून काढून टाकायची. पैसे लागले नाहीत म्हणजे गरज नव्हती, इतका सरळ हिशोब. मलाही त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं, त्या मार्चमध्ये छापील मसुदा हातात येईपर्यंत.

नगरपालिका कुठली ते सांगत नाही. अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यातली आहे, एवढं पुरे. मसुद्यात कचऱ्याचे डबे उचलणाऱ्या नव्या गाडीची ओळच नव्हती. मागल्या वर्षी निविदेला कुणी आलं नाही, गाडी आली नाही, खर्च निरंक. म्हणून ओळ गेली. आणि जुन्या गाडीवर माझे बाबा होते.

त्या गाडीचा डबा उचलणारा लोखंडी हात तेल गळून मधेच खाली यायचा. मग बाबा आणि त्यांचे सोबती त्याला लाकडी बल्लीचा टेका द्यायचे आणि खाली वाकून अडकलेला कचरा ओढायचे. एकदा फळबाजाराजवळ मी ते पाहिलं. सडक्या संत्र्यांनी भरलेला डबा वर, बाबांचं डोकं खाली. बल्ली करकरली. बाबांनी मान तेवढी बाजूला घेतली आणि पुन्हा हात आत घातला. तेव्हापासून अनोळखी नंबरचा फोन आला की मला दरदरून घाम फुटायचा.

पण लेखापाल साहेबांना सांगणार कोण? मी नोकरीत नवी, अजून कायमही झाले नव्हते. मसुद्यावर सही त्यांची, आणि त्यांची निवृत्ती तोंडावर आलेली. त्यांच्या दारापर्यंत जायचे आणि पाणी पिऊन परत यायचे. स्वतःचाच राग राग यायचा. शेवटी गेले.

"साहेब, कचरागाडीची ओळ राहून गेली."

त्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दार लोटून घ्या मॅडम," ते म्हणाले. "शुद्धिपत्रक काढलं तं सभेत मलेच उभं करतील. चौकशी लागली तं माही पेन्शन अडकते."

"साहेब, माझे बाबा आहेत त्या गाडीवर."

"तेच तं! लोक म्हणतीन, बापासाठी केलं." त्यांनी मसुदा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "टिपणी तुमी टाका. तुमच्या सहीखाली मी करतो."

म्हणजे बोट दाखवायची वेळ आली, तर पहिलं नाव माझं. मला कळलं होतं. तरी टिपणी लिहून सही केली.

सभेच्या दिवशी मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. आमचा विषय वाचला गेला तेव्हा दोन सदस्य पथदिव्यांवरून भांडत होते. "मंजूर, मंजूर," कुणीतरी म्हणालं आणि चहा आला. साहेबांनी रुमालानं मान पुसली.

घरी आले तेव्हा बाबा जेवत होते.

"बाबा, नव्या गाडीचा पैसा मंजूर झाला."

"खरंच काय वं? कवा येते मंग?"

निविदा, मंजुऱ्या, पुरवठा. वर्ष सहज जाणार, हे मला ठाऊक होतं. "वेळ लागीन," मी म्हणाले.

"लागू दे." बाबांचा चेहरा फुलला होता. "बरं झालं सांगतलं, बाई. गाडीच्या त्या हाताचं मले लय भेव वाटून राह्यलं होतं. उद्या झाडूवर बदली मागाले जानार होतो. आता कायले मागू? गाडी येऊनच राह्यली."

"मागा बाबा," मी ओरडलेच. "उद्याच मागा!"

ते तोवर सोबत्याला फोन लावून सांगत होते, माह्या पोरीनं गाडी आनली म्हणून.