चामोर्शाइट

आमच्या विभागाच्या बाई दगड चाटून बघत. चंद्रपूरच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायला मी नवी लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गासमोर एक खडा उचलून जिभेला लावला. "ओला केल्याबिगर दगड आपला रंग दाखवत नाई," म्हणाल्या. मुलं हसली. बाईही हसल्या. मग तो खडा त्यांनी मुलांच्या हातात फिरवला आणि त्यातले गुलाबी दाणे सगळ्यांना दिसले.

बाई चामोर्शीच्या. आईवडील दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबलेले. धम्मदीक्षेनंतर मुलीला शिकवायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. मी एखाद्या खडकाबद्दल "मला वाटतं" म्हटलं की बाई लगेच अडवत. "वाटून राह्यलं ते नोको सांगू. दिसून का राह्यलं, ते सांग."

ऐंशीनंतरची गोष्ट. मुलचेऱ्याच्या पुढे जंगलात एका नाल्याच्या काठी त्यांना भरड खडकाची एक शीर सापडली आणि तिच्यात तपकिरी, चकचकीत, हाताला जड लागणारं खनिज. ते त्यांनी जिभेला लावलं नाही. किरणोत्सार मोजायचं आमचं जुनं यंत्र त्याच्याजवळ नेलं की टिकटिक वाढायची. बाईंनी थोडे दाणे बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. निकाल आला : सिरियम, लँथनम, थोडं थोरियम, दुर्मिळ मृदा धातूंचं खनिज, पण माहितीतल्या कुठल्याच खनिजाशी प्रमाण जुळत नव्हतं; म्हणजे कदाचित नवंच.

बाईंचा धाकटा भाऊ एसटीत कंडक्टर होता. त्याने ही बातमी तिकिटाबरोबर वाटली म्हणायला हरकत नाही. वस्तीतल्या विहारात सत्कार ठरला. खनिजांच्या नावाच्या शेवटी 'आइट' लागतं, एवढं कुणाला तरी कळलं होतं. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चामोर्शाइट'.

सत्काराच्या आदल्या दिवशी बाईंनी उरलेल्या तुकड्याचा कागदासारखा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ मान वर केली नाही. मग बाजूला सरकून मला म्हणाल्या, "पाह्य." तपकिरी दाण्यात काळसर धागे होते. एक नव्हे, दोन खनिजं एकमेकांत गुंतलेली. म्हणजे प्रयोगशाळेने मोजली ती दोन्हींची बेरीज होती. ती कशाशी जुळणार?

"पण त्यातलं एक नवीन असू शकतं ना, बाई?"

"असू शकते. नसूही शकते."

दुसऱ्या दिवशी विहारात त्या उभ्या राहिल्या आणि हेच सांगितलं. हार घेतला नाही. समोर बसलेल्या बायांना धागे कळले नाहीत, पण बाई 'नाही' म्हणताहेत हे कळलं. बाहेर येताच भाऊ उसळला.

"आजच सांगाचं होतं का, ताई? इतकं कोनी तपासते का?"

"दुसऱ्याचं नाई तपासत. आपलं तपासतेत. म्हनून आपुनच आधी पाहाव."

"लोकं म्हनतीन, यायले काय जमते!"

"आज म्हनतीन. पन उद्या खोटं निघालं, त मंग तुया पोरीलेही म्हनतीन."

भाऊ निघून गेला. पुढे त्याने बाईंकडे येणंच सोडलं.

दोन्ही खनिजं वेगळी करायला निखळ नमुना हवा होता. नक्षलवाद्यांमुळे त्या भागात पोलीस कॅम्प पडले होते; जंगलात जायची परवानगी मिळेपर्यंत वर्ष उलटलं. आम्ही पोचलो तेव्हा नाल्याचा तो काठच नव्हता. रस्त्यासाठी सुरुंग लावून खडक फोडला होता, खडी होऊन तो मुरमाखाली गेला होता. बाई कडेचे ढीग चाळत उन्हात चालत राहिल्या. तिथल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्यांमधल्या मजूर बाया आधी हसल्या, मग स्वतःच जड खडे शोधून देऊ लागल्या. मिळाले ते सगळे गुंतलेलेच होते. निघताना बाईंनी त्यांना बजावलं, "हे जड दगड घरी नोका नेऊ. चुलीले तर लावूच नोका."

त्या दशकाच्या शेवटी मूत्रपिंडांच्या जुन्या दुखण्याने बाईंना गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवलं. मी बसले होते, तेवढ्यात भाऊ आला. खाकी कपड्यांतच होता. त्याने पिशवी खाटेजवळच्या स्टुलावर रिकामी केली. तपकिरी, जड खडे. त्याची गाडी आता त्याच रस्त्याने जायची. थांबा आला की तो उतरून कडेची खडी चाळायचा.

"यातला एखादा चोखा असन, ताई."

बाईंनी भिंग मागितलं. ते उचलायला मी मनगटाला आधार दिला. एकेक खडा त्यांनी उजेडाकडे फिरवून पाहिला. भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, आज तरी त्या हो म्हणतील.

"नाई रे," बाई म्हणाल्या. "यातला एकही नाई."

भावाने खडे परत पिशवीत भरले. "बरं. उद्या पुन्हा आनतो."

तो आणत राहिला. बाई बघत राहिल्या, नाही म्हणत राहिल्या. हात उचलेनासा झाला तेव्हा भिंग त्याने धरलं आणि काय दिसतं ते तो सांगू लागला. "काळे धागे हायेत, ताई. यातही हायेत." बाई डोळे मिटून ऐकत होत्या.