वाटीतलं बियाणं

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, या वर्षी मका पेरला का? पेरला. पण त्याआधी तो कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जाऊन आला, ते सांगायचं राहिलं. तुमची शाळेची वेळ झाली आणि गोष्ट अर्धीच राहिली, म्हणून लिहून पाठवते.

आसगावच्या आपल्या घरामागची वाडी तुम्ही पाहिली आहे. समोर सगळीकडे धान, मका तेवढा वाडीत, विहिरीचं पाणी जिथून वाहतं त्या ओघळाच्या कडेनं. पांढरा, बुटका मका. तुमच्याकडे डब्यातून येतो तसा तो गोड नाही, पण निखाऱ्यावर टाकला की शेजारच्या अंगणातून कुणीतरी विचारतंच, भुट्टे भाजून राहिल्या का व? माझ्या सासूबाईंनी तो माहेराहून आणला होता. त्यांच्यामागे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी सांभाळला. दरवर्षी पेरायचा आणि त्यातलंच बी पुढच्या वर्षासाठी ठेवायचं. गावात आता तो दुसऱ्या कुणाकडे नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा बी निवडायला सासूबाईंनी मला पहिल्यांदा छपरीत बसवलं, ते आठवतं. कणसांची पानं मागे ओढून त्यांची वेणी घातलेली असे आणि ती चुलीवर धुराला टांगलेली. मृग लागायच्या आधी ती खाली उतरायची. अंगठ्यानं दाणे सोलायचे, मांडीवर सूप, बाजूला पितळेची वाटी. कणसाच्या शेंड्याचे दाणे बारीक आणि गोल, बुडाचे मोठे पण वाकडे. मधल्या भागातले चपटे, भरलेले, न किडलेले तेवढेच वाटीत जायचे. सूपभर दाण्यांतून वाटी जेमतेम भरायची. मी एक पिचका दाणा वाटीत टाकला, तो त्यांनी उचलून सुपात टाकला.

"इंग्रजी वाचतेस ना व? मंग आता दाणा वाच."

थोड्या वेळानं मी एक लाल रेघ असलेला दाणा सुपाकडे नेला, तर हात धरला. "हे राहू दे. रेघ असली का जोरानं येते." मग मी सुपाकडे बोट दाखवून विचारलं, हे खराब दाणे कुठे ठेवू? त्या म्हणाल्या, "खराब? उद्या याचीच भाकर खाशीन ना? मंग खराब कसे?" त्या दिवसापासून मी घरच्या दाण्याला खराब म्हटलं नाही. आपल्या घरात कुणीच म्हणत नाही. वाटीतलं बियाणं आणि सुपातलं खायचं, एवढंच.

गेल्या दोन-तीन वर्षांत जाऊबाईंची नजर मंदावली. ऑपरेशन झालं, तरी एका डोळ्यासमोर धुकं राहिलंच. मागच्या खेपेला त्यांनी निवडलेल्या बियाण्यातलं निम्मंही उगवलं नाही. पीक थोडं आलं, त्यातून बियाण्यासाठी एकच वेणी टांगता आली. भाजी निवडता निवडता त्या एकदा म्हणाल्या, "माह्याच हातानं संपते का काय हा मका." माझीही नजर आता सुईत दोरा ओवण्याइतकी राहिलेली नाही.

हे ऐकलं त्यांच्या नातीनं. ती नागपूरला इंजिनियरिंगला आहे, तुम्ही तिला ताई म्हणता. "आजी, तुले डोळेच बनवून देते मी," म्हणाली. हिवाळ्यात ती एक खोकं घेऊन आली. आत पांढरा कागद, एक बल्ब आणि वरच्या भोकावर मोबाईल. दाणा उताराच्या नळीतून एकेक घसरत येतो, मोबाईल त्याचा फोटो काढतो आणि खालची छोटी फळी त्याला डाव्या नाहीतर उजव्या डब्यात ढकलते. तुम्ही याला मशीन लर्निंग म्हणाल. तिनं आम्हाला सोप्या भाषेत सांगितलं: तुम्ही निवडून दाखवा, हे पाहून पाहून शिकते.

म्हणून आम्ही दोघी जावा ऊन खात बसलो आणि खायच्या कणसांचे दाणे बियाण्यासारखे निवडून दिले. जाऊबाई दाणा डोळ्याला लावून पाहायच्या, बोटांत फिरवायच्या. मी चष्मा चढवून माझ्या वाटणीचे निवडले. कित्येक वर्षांनी आम्ही अशा समोरासमोर बसलो होतो. तिनं ढिगानं फोटो काढले. शेवटी विचारलं, "आजी, आता सांग, यातले खराब कोणते?"

"खराब काहीच नाही, पोरी. घरचा दाणा हाय," जाऊबाई म्हणाल्या.

ती हसली. एकीकडे भरलेली सुपं, दुसरीकडे वाटीभर दाणे. तिनं मान डोलावली आणि स्वतःच काहीतरी टाइप केलं.

मृग जवळ आला तशी ती सुट्टीवर आली. बियाण्याची वेणी उतरवली, दाणे सोलले, खोकं सुरू झालं. टक, टक, टक. बघता बघता "चांगले" लिहिलेला डबा भरून दुसरा लावावा लागला. जाऊबाईंचं तोंड उजळलं. "येवढं बियाणं? बाप्पा! एका वेणीतून?"

"मशीन हाय आजी. तुमच्यावानी चिंगूसपणा नाही करत."

ती उरलेले दाणे टाकायला उठली. जाऊबाईंनी कौतुकानं डब्यात हात घातला आणि त्यांची बोटं थांबली. एक दाणा फिरवला, दुसरा फिरवला.

"हे शेंड्याचे हाय. हे बुडाचे." त्यांनी तोंड वर केलं. "पोरी, वाटीतले कुठी हाय?"

"कोणत्या वाटीतले?" ती मागच्या दारातून परत येत होती.

"निवडलेले, व!"

"ते खराब होते ना? ते खुराड्याच्या डब्यात टाकले. कोंबड्यांले मूठभर आता टाकून आली."

भिंत धरून चालणाऱ्या माझ्या जाऊबाई तेव्हा माझ्यापुढे धावल्या. पदर हलवत, हुश्श हुश्श करत त्यांनी कोंबड्या हुसकावल्या. मूठभर गेले ते गेलेच. बाकीचे कोंबड्यांच्या खाण्याच्या डब्यात होते, पण त्यात कनकी, म्हणजे तांदळाची कणी, होती आणि हिवाळ्यात निवडून उरलेले शेंडा-बुडाचे दाणेही. कनकी चाळणीनं काढता आली. मक्यात मिसळलेला मका कोण ओळखणार? जाऊबाई डबा पोटाशी धरून पायरीवर बसल्या. "गेला," एवढंच म्हणाल्या.

पोरीचे डोळे भरले. "मीच उलटं शिकवलं याले. थोडे ते खराब असन, असं वाटलं मले." ती खोक्यापाशी जाऊन बसली आणि एकदम हसू लागली. "आजी, हे चुकलंच नाही व! याले तुमचे वाटीतले दाणे बरोबर समजते. डब्यांवरची नावंच तेवढी उलटी हाय."

मिसळलेला सगळा मका पुन्हा नळीतून सोडला. टक, टक. या वेळी जाऊबाई खोक्याला कान लावून बसल्या. ज्याच्यावर "खराब" लिहिलं होतं, त्या डब्यातले दाणे मी पितळेच्या वाटीत ओतले. वाटी जेमतेम भरली.

जाऊबाईंनी एकेक दाणा चाचपला. मान हलवत गेल्या. मग एक दाणा खिडकीकडे धरून डोळ्याला लावला. "यावर लाल रेघ हाय. हे मी कधी घेतलं नाही. हे तुह्यं हाय."

"सासूबाईंनीच सांगितलं होतं. रेघ असली का जोरानं येते."

"मले म्हणे, रेघ दिसली का काढून टाक."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "दोघींले दोन सांगून गेली व बुढी!" जाऊबाई म्हणाल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या. मलाही छपरीतला तो धरलेला हात आठवला.

रेघेचे दाणे त्यांनी टाकले नाहीत. विहिरीकडे त्यांची वेगळी ओळ टाकली. आता दोन्हीकडचा मका गुडघ्याला लागतो. जाऊबाई सकाळी ओघळाच्या कडेनं पानांवरून हात फिरवत जातात आणि कुठली ओळ पुढे आहे ते मला सांगत नाहीत. ताईचा नागपूरहून फोन येतो, "आजी, रेघवाले वाटीत टाकू का सुपात? मशीनले शिकवायचं हाय."

"दाणा भरू दे," त्या म्हणतात. "मंग सांगीन."