नर्ससाठी केलेला चहा

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या ऑफिसात सर्व्हरचं खोकं उतरवताना माझा उजवा खांदा निखळला. हाड जागेवर बसवलं, पण हात वर जाईना. मग विमा कंपनीने एक नर्स नेमली, उपचारांत सोबत करायला. पन्नाशीची, मऊ बोलणारी. माझं जपानी कामापुरतंच, म्हणून ती सावकाश बोलायची, मध्ये इंग्रजी घालायची. मला ती आवडायची.

एकदा ती हिगाशी-कसाईला आमच्या घरी आली. पाहुण्याच्या हातात नुसता कप द्यायचा नाही, ट्रे दोन्ही हातांनी पुढे करायचा, ही आईची शिस्त. सकाळची दुखण्यावरची गोळी घेतली होती, तरी ट्रे टेबलावर टेकेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं. चहात आलं जास्त पडलंय, असं काहीतरी मी पुटपुटले. तिने चहाचं कौतुक केलं.

पुढच्या तपासणीला ती नेहमीसारखी माझ्यासोबत आत आली. मी तोंड उघडायच्या आधीच तिने डॉक्टरांना सांगितलं की घरी छान चाललंय, भरलेला ट्रे ह्या स्वतः उचलतात. डॉक्टरांनी मान डोलावली. पुढच्या वेळी कामावर पाठवू, म्हणाले. काम म्हणजे तीच खोकी. मी हसले, वाकून आभार मानले आणि बाहेर आले.

घरी नवरा वैतागला.

"तू गप्प का बसलीस?"

"ती शेजारीच बसली होती."

"मग? पाहुणी आहे का ती? विमा कंपनीची माणूस आहे."

त्याने कामगार सल्ला केंद्राचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडच्या बाईंनी समजावलं की तपासणीच्या वेळी नर्सला आत घ्यायची सक्ती नाही. डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. तेवढ्यावरून उपचार थांबणार नाहीत.

पुढच्या खेपेला ट्रेनमध्ये मी ते एकच वाक्य मनात घोकत होते. माझा नंबर पुकारला तशी नर्स आधी उठली आणि दाराकडे वळली. मी जागची हलले नाही.

"आज मी एकटीच आत जाणार आहे. तुम्ही इथेच थांबा."

तिचं हसू तसंच राहिलं. पर्स मांडीवर घेऊन ती पुन्हा बसली.

आत डॉक्टरांनी हात वर करायला सांगितलं. त्या दिवशी मी गोळी घेतली नव्हती. हात खांद्याच्या बराच खाली अडकला. ट्रेचं काय, असं त्यांनी विचारलं. घरी आलेल्या माणसाला आमच्यात तसाच चहा देतात, मी म्हणाले, आणि नंतर रात्रभर खांदा ठणकला, हेही सांगितलं. एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी पुन्हा एमआरआय सांगितला. तोवर काम बंद.

बाहेर आले तर ती माझा कोट धरून उभी होती. काय म्हणाले, तिने विचारलं. डॉक्टरांनाच विचारा, मी म्हणाले. उजवी बाही मला एकटीला चढवता येत नव्हती. तिने चढवली, सावकाश, आणि हात जिथे अडकला तिथे तीही थांबली.