सहीखालच्या दोन रेघा

माझे सासरे म्हादूतात्या चौथी शिकलेले, पण सही अशी करायचे की तलाठ्यानं बघत राहावं. नाव लिहून झालं की खाली दोन आडव्या रेघा आणि त्याखाली ठसठशीत टिंब. भातसानगरला धरणावर कामाला होते. चौऱ्याण्णव साली साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा गावाबाहेरच्या वाडीत शिकवायला कुणी जाईना. तात्या गेले. वाडीतल्या बायका त्यांना गुरुजी म्हणू लागल्या.

त्या वर्गातलीच सकुबाई. लोकांच्या शेतात लावणी-कापणी करणारी, स्वतःची म्हणून चुलीपुरतीही जागा नसलेली. शहाण्णव साली तात्यांनी तिला गावठाणातला दीड गुंठा द्यायचं कबूल केलं. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं. बहुतेक पैसे तिनं तेव्हाच दिले. मोजणी झाली की उरलेले घेऊन खरेदीखत करून द्यायचं ठरलं.

मोजणीला सात वर्षं लागली. तोवर मी सून म्हणून आले होते आणि आमच्या त्या दीड गुंठ्यासारख्या मुरबाड रस्त्याकडेच्या जागा मुंबईची गिऱ्हाइकं विचारू लागली होती. माझे मालक, सुरेंद्र, यांना तिथं दुकानाचा गाळा काढायचा होता. पण तात्यांच्या मागे भुणभुण लावली ती मी. "तिचे पैसे तिला परत करा आणि मोकळे व्हा." आधी ते नाही म्हणाले. मग गप्प झाले. आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे होकार.

सकुबाईनं शहापूरच्या कोर्टात दावा लावला, ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या म्हणून. साठेखताची नक्कल आली तेव्हा मी बघितलं, तात्यांच्या सहीखाली रेघा-टिंब होतंच, सकुबाईच्याही सहीखाली तसंच. काय अक्कल चालली माझी! वकिलाला म्हटलं, "वाडीतल्या बाईला कुठली आलीय सही? कुणीतरी तात्यांच्या सहीची नक्कल केली आणि त्याच हातानं हिच्याही नावाखाली रेघा ओढल्या. दोन्ही बनावट, असं लिहा." वर्गाचं मला ठाऊक होतं. पण वाटलं, चार महिन्यांच्या वर्गात ती काय शिकली असणार!

वकिलानं आमच्या बाजूची कैफियत तशीच लिहिली. तात्यांनी ती दोनदा वाचली, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. रेघा, टिंब, सगळं.

सकुबाईची साक्ष होती त्या दिवशी आम्ही तिघंही कोर्टात होतो. आमच्या वकिलानं ऐटीत विचारलं, "तुला सही येते?" तिनं मान हलवली. जजसाहेबांनी कोरा कागद दिला. साक्षीच्या पिंजऱ्याच्या लाकडावर कागद ठेवून तिनं एकेक अक्षर काढलं. मग दोन रेघा. मग टिंब.

साहेबांनी तो कागद आमच्या कैफियतीशेजारी धरला. "या रेघा कशाला?"

"त्याबिगर सही पुरी व्हत नाय, सायेब. गुरुजींनी आमाला तशीच शिकवली."

"कोण गुरुजी?"

तिनं तात्यांकडे हात केला. तात्यांनी मान खाली घातली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तात्यांची लकब वर्गातल्या बायकांनी अक्षरासारखी गिरवली होती, आणि मी तीच बनावट ठरवायला निघाले होते. पुढं तात्या साक्षीला उभेच राहिले नाहीत.

दोन हजार सात साली निकाल लागला. दोन महिन्यांत खरेदीखत करून द्या, नाहीतर तुमच्या वतीनं कोर्टाचा माणूस सही करील. सुरेंद्र म्हणाले, "करू दे कोर्टाला. कशाला जायचं तोंड दाखवायला?" खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. तात्यांनी धुतलेली टोपी घातली. "माझ्या नावाची सही दुसरा करनार नाय," म्हणाले. त्यांना एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मी सोबत गेले.

रजिस्ट्रारच्या हापिसात सकुबाई आधीच येऊन उभी होती. आम्हाला बघून तिनं बाकावर तात्यांना जागा करून दिली. कागद पुढे आला. तात्यांनी नुसतं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कारकून पान उलटणार, तोच सकुबाई वाकून बघत म्हणाली, "गुरुजी, खालच्या रेघा रायल्या. अर्धी सही कशी चालंल?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर मला सोसला असता. तिला खरोखरच काळजी वाटत होती.

तात्यांनी पेन पुन्हा उचललं. दोन रेघा ओढल्या, टिंब दिलं आणि पेन तिच्या हातात ठेवलं.