डावीकडे कललेली पानं

काकूंना चेहरे कधी जमले नाहीत. हात तसा चांगला होता. टाके एकसारखे, दोरा कुठे सैल नाही की ताठ नाही. पण त्यांनी क्रोशाने विणलेला ससा दाढदुखीने बेजार झालेला दिसायचा आणि अस्वल कुणावर तरी डूख धरून बसल्यासारखं. बावीस वर्षांपूर्वी त्या खेळण्यांच्या कारखान्यात कामाला लागल्या. कारखाना म्हणजे काय, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक लांब टेबल आणि कापसाची पोती. मालकीणबाईंनी आठवडाभर ती अस्वलं सोसली आणि मग जरा चाचरतच विचारलं, "तुम्ही पानं करून बघता का?"

तेव्हापासून काकूंनी दुसरं काही केलं नाही. लोकरीच्या मुळ्याचा पाला, गाजराचा तुरा, सुरवंटाला बसायला रुंद पान, बाहुलीच्या टोपीवरची दोन इवलीशी पानं, सगळं काकूंकडे. ऐकणाऱ्याला वाटेल, पानात काय मोठं? मुलं खेळण्याचं नाक बघतात, डोळे बघतात, पानाकडे कोण बघतंय? काकूंपुढे असं बोलायची सोय नव्हती. त्या रस्त्यात खाली पडलेली पानं उचलून पर्समध्ये टाकायच्या, घरी आणून उलटसुलट करून बघायच्या, शीर कुठून निघते, टोक कुठे वळतं. त्यांचे यजमान बस चालवायचे. ते म्हणायचे, "घरात शेळी पाळलीय का? मला सांगितलं नाहीस ते!"

पान करायची काकूंची रीत ठरलेली. आधी बारा साखळ्या. मग त्या साखळीच्या एका कडेने टाके घालत जायचं, कडेला आखूड आणि मध्यावर उंच, म्हणजे पानाचं पोट भरतं. टोकाला वळसा घ्यायचा आणि दुसऱ्या कडेने परत यायचं. असं केलं की पान अगदी सरळ राहत नाही, टोक जरासं उजवीकडे कलतं. काकूंना तो कल आवडायचा. झाडावरचं कुठलं पान पट्टीने आखल्यासारखं असतं?

मागच्या वर्षी काकूंच्या उजव्या अंगठ्याने असहकार पुकारला. सुरुवातीला सुई धरली की ठणकायचा, मग चहाचा कप धरला तरी ठणकायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढला, दिव्यापुढे धरला आणि सांगितलं की सांधा झिजलाय, विणकाम आता बंद. काकूंनी मान हलवली. घरी येऊन त्यांनी एक पान करायला घेतलं, ते पुरं करायला दुपार गेली, आणि मग स्वयंपाकघरात उभं राहून त्या भरपूर रडल्या. आठवडाभर घरी केलेली पानं घेऊन दर मंगळवारी कारखान्यातल्या टेबलाशी जाऊन बसायचं, पिशवी रिकामी करायची, बायांनी पानं चाचपून बघायची, हे आता संपणार होतं. त्यांना काम जाण्याची भीती नव्हती, पोरगी कमावती होती, यजमानांना पेन्शन होती. भीती होती ती वेगळीच. पानं गेली तर त्या टेबलाशी आपण कोण, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

यजमान दारात उभे होते. अख्खी बस घाटात उलटी फिरवणारा माणूस, पण बायको रडायला लागली की त्याला काही सुचायचं नाही. ते म्हणाले, "अगं, शिकव की मला. काय अवघड आहे त्यात?"

अवघड होतं. पण निवृत्त माणसाला वेळ असतो आणि या माणसाला हट्टही होता. ते काकूंसमोर खुर्ची ओढून बसले. काकू दुखऱ्या हाताने सावकाश एकेक टाका दाखवायच्या आणि ते आरशात बघून भांग पाडावा तसे समोरून तसंच करायचे. काकूंची सुई उजव्या हातात, म्हणून समोरून बघून यांनी धरली डाव्या हातात. काकूंना ते दिसलं, पण त्यांनी टोकलं नाही. तीस वर्षं गिअर टाकून टाकून तो डावा हात तयार झालेला होता, त्यालाच जमतंय तर जमू दे. महिन्याभरात पान पानासारखं दिसायला लागलं. तिसऱ्या महिन्यात तर काकूंनाही खोट काढता येईना, आणि खोट काढण्यात त्या कुणाला हार जायच्या नाहीत.

यजमानांची अट एकच होती, ही गोष्ट घराबाहेर जायची नाही. बागेतल्या बाकावरच्या मित्रांना कळलं असतं तर त्यांनी यांना जगू दिलं नसतं. एकदा त्यातलाच एक, रिटायर्ड कंडक्टर, न सांगता घरात आला. यजमानांनी अर्धं पान घाईने मांडीखाली सारलं आणि सुईवरच बसले. पाऊण तास हवापाण्याच्या गप्पा मारल्या बिचाऱ्यांनी, एकदाही हललेसुद्धा नाहीत.

अशी चार महिने पानं काकूंच्या पिशवीतून जात राहिली. कुणी काही म्हणालं नाही. मुळ्याच्या पाल्यात कोण बघतंय, कुठलं पान कुठे कललंय?

मग एका मंगळवारी मालकीणबाईंनी नवं खेळणं काढलं. दोन पानांच्या मध्ये बसलेला छोटा पक्षी, दोन्ही पानं दोन्ही बाजूंनी त्याच्यावर झुकलेली. शिवायचं काम टाचणीकडे होतं. टाचणी म्हणजे टेबलावरची सगळ्यात तरुण बाई, अंगाने किडकिडीत आणि बोलायला टोचरी, म्हणून ते नाव. तिने डब्यातलं एक जुनं पान घेतलं, काकूंच्या पिशवीतलं एक ताजं घेतलं, पक्ष्याच्या दोन बाजूंना लावून बघितली आणि ओरडलीच.

"ताई, बघा ना! दोन्ही सुलट! आतापर्यंत जोडी करायची तर एक पान उलटं लावावं लागायचं, मागची बाजू दिसायची. ही बघा कशी समोरासमोर आलीत!"

मालकीणबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग पिशवीतली सगळी पानं टेबलावर ओतली. एकूण एक डावीकडे कललेली. "काकू, कमाल केलीत तुम्ही. डावी वेगळी, उजवी वेगळी! कधी शिकलात?"

इथे काकूंनी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण कौतुक झालं की माणूस थोडा वेळ तरी पाघळतोच. "डाव्या हाताने करून बघितली," काकू म्हणाल्या.

"करून दाखवा ना," टाचणीने सुई आणि हिरवा दोरा पुढे केला. तिच्या मनात काही नव्हतं, तिला खरंच शिकायचं होतं.

काकूंनी सुई डाव्या हातात घेतली. पहिली साखळीच येईना. दोरा बोटावरून घसरला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा घसरला. टेबलाभोवतीच्या तिघीचौघी आपापली कामं थांबवून बघायला लागल्या. आता उजव्या हातात सुई घेऊन वेळ मारून नेता आली असती, पण तो हातही काकूंना ठाऊक होता. त्यांनी सुई खाली ठेवली.

"माझी नाहीत ही पानं," त्या म्हणाल्या. "चार महिने झाले, यांनी केलीत. माझ्या हाताने आता पान होत नाही."

इतके दिवस हे शेवटचं वाक्य त्यांनी घरातसुद्धा उच्चारलं नव्हतं. आता ते सगळ्यांसमोर बोलून झालं होतं आणि परत घेता येणार नव्हतं.

"काकांनी?" टाचणी म्हणाली. "तुम्हाला न्यायला येऊन खाली हॉर्न वाजवायचे, त्या काकांनी?" आणि ती फिस्सकन हसली. मग काकूंचा चेहरा बघून तिने पक्ष्यात कापूस भरायला घेतला आणि वर मान केली नाही.

मालकीणबाईंनी काकूंच्या अंगठ्याकडे बघितलं. बोट जागचं सरकलेलं होतं, इतके मंगळवार समोर असून कुणी पाहिलं नव्हतं. "आधी सांगायचंत हो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कामाचं काढलं, कारण काम तर होतंच. जोड्या चाळीस हव्या होत्या, डावी पानं होती, उजवी डब्यात सहा उरलेली. "उजव्या पानांचं टाचणीला शिकवाल का? तुमच्याइतकं कुणाला कळतं त्यातलं?"

"बघते," काकू म्हणाल्या. चांगल्या मनाने विचारलं होतं हे त्यांना कळत होतं, तरी लागायचं ते लागलं.

घरी येईपर्यंत त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सुरुवात जुळवून ठेवली होती. दारात चपला काढतानाच तिन्ही विसरल्या. "अहो, मी सांगून टाकलं," त्या म्हणाल्या.

यजमान खिडकीशी बसून पान करत होते. हात थांबला. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"हसल्या?"

"एक हसली. टाचणी."

"ती हसणारच," यजमान म्हणाले. त्यांनी हातातलं पान उलटसुलट करून बघितलं. काकूंना वाटलं, आता हे सुई ठेवतील, आणि ठेवली तर कुठल्या तोंडाने अडवायचं? त्यांनी भडाभडा सगळं सांगितलं, पक्षी, जोड्या, डावं, उजवं, डब्यातली सहा पानं. "उजवी आता टाचणी करणार. मी तिला शिकवायची."

"तिला कशाला?" यजमान एकदम म्हणाले, जवळजवळ रागाने. "तुझी पानं आहेत ती."

ते उठले, खुर्ची उचलून काकूंच्या शेजारी आणून ठेवली, तिचं तोंड काकूंच्या खुर्चीचं होतं त्याच दिशेला केलं, आणि खांद्याला खांदा लावून बसले. सुई उजव्या हातात घेतली. तो हात अगदी अडाणी होता, सुई लाटण्यासारखी धरत होता. काकूंनी आपली बोटं त्यांच्या बोटांवर ठेवून दोरा फिरवला. दुखलं, पण फिरवला.

पहिलं पान व्हायला संध्याकाळ झाली. टोक कललं होतं उजवीकडेच, पण पोट खपाटीला गेलेलं आणि मध्ये एक टाका चुकलेला. यजमानांनी ते मोठ्या आशेने पुढे धरलं.

काकूंनी ते हातात घेतलं, डोळे पुसले, नीट बघितलं.

"उसवा," त्या म्हणाल्या. "पुन्हा करा."