भिंत कोरडी झाली

शेजारच्या नवराबायकोचं ते भांडण मी माझ्या मोरीतून ऐकलं. मोरीला दार होतं, माझ्या कानांना नव्हतं, त्याला मी काय करू?

"तुझे बाबा नुसते बसून खातात."

"बसून कुठं? मागची भिंत घासतात ना! बाहेरचा माणूस फुकट येणारे का?"

"मग घासतात तोवर राहू देत. नंतर मला ती खोली हवी."

बाबा म्हणजे आमचे अण्णा. बायको गेल्यावर घर मुलाच्या नावावर करून मोकळे झालेले. एवढा शहाणा माणूस आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. त्यांच्या वाट्याला मागची खोली आली आणि तिच्या बाहेरची भिंत. तिकडं ऊन फिरकत नसे, आणि टाकी भरून वाहिली की पाणी भिंतीवरूनच उतरे. शेवाळ असं माजायचं की म्हैस चरायला सोडावी.

अण्णा नाकाला फडकं बांधून ब्लीचिंगचं पाणी मारायचे, मुरू द्यायचे, मग घासून धुवायचे. आधी तारेचा ब्रश होता. त्यानं गिलावा खरवडला आणि शेवाळ दुप्पट चिकटलं. मग नरम ब्रश आला. बोटांची सालं मात्र निघायची ती निघतच राहिली.

सून वरून ओरडायची, "बाबा, खालचं राहिलं. डोळे आहेत ना?"

"आहेत गं, तुझ्याएवढे मोठे नाहीत."

ब्लीचिंगच्या वासानं खोकला छातीत बसला, तेव्हा अण्णांनी कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं. टाकीला पाइप जोडून पाणी गटारात सोडलं, भिंतीवर वाकलेल्या फांद्या छाटल्या, भेगा बुजवल्या, भिंत वाळल्यावर पाणी न शोषणारा रंग दिला.

"वहिनी, आता हात लावायला नको!" मला सांगताना पोरासारखे खूश झाले होते. ते भांडण मी ऐकलं होतं, त्यांनी नाही.

पावसाळा गेला. भिंत ठणठणीत कोरडी.

मुलगा खोलीच्या दारात उभा राहिला. "झकास काम केलंत, बाबा. आता भिंतीचं काही करायचं उरलं नाही. उद्या तुम्हाला वृद्धाश्रमात सोडतो."

"हवाही चांगली आहे तिथली," सून म्हणाली.

अण्णा हळूच म्हणाले, "कोपऱ्यात जरा हिरवं दिसतंय रे. अजून एक हात मारावा लागेल."

मुलानं वाकून नीट पाहिलं. "कुठं? काही नाहीये."

दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. अण्णांनी रोजच्यासारखा सुनेचा कचऱ्याचा डबा नाक्यावर नेऊन रिकामा केला, नळाखाली विसळला आणि पायरीवर पालथा घातला.