भाग न जाणारी संख्या
फिनेलचा वास आला की तंजावुरातला तो दवाखाना आठवतो. आत अम्माचं ऑपरेशन चाललं होतं आणि बाहेर अप्पा आणि मी येरझारा घालत होतो. अप्पा गणिताचे निवृत्त मास्तर, म्हणून मी त्यांना ९९९९८३ ही संख्या दिली. "हिला कशाने भाग जातो, बघा." जात नाही हे मला ठाऊक होतं, पण तेवढेच ते गुंतून राहतील असं वाटलं. भोवती सगळे तमिळ बोलत होते आणि अप्पा आपले मराठी पाढे पुटपुटत होते. मी शेजारी बसून प्रत्येक बाकी तपासत राहिले. शेवटी दार उघडलं, नर्स हसली. अप्पा म्हणाले, "मूळ संख्या आहे, ठाऊक होतं मला. तू एका जागी बसावीस म्हणून भागत होतो." आता कुणाची वाट बघताना मी एकटीच तिला साताने, अकराने भागत बसते.